विमानाचे पाय सांभाळताना

जुलै 2017 मधली गोष्ट. कोलकात्याहून मुंबईला निघालेलं एक एअरबस 320 विमान मध्येच आपल्या नागपुरात उतरलं. यंत्रात काही मोडलं नव्हतं. टेकऑफनंतर चाकं आत घ्यायची राहून गेली होती, एवढंच. चाकं खाली लटकत राहिली, हवेचा अडथळा वाढला, विमान नेहमीची उंची आणि वेग गाठेना, आणि इंधन एवढं जळत गेलं की मुंबई दूर वाटायला लागली. नागपूर देशाच्या मधोमध आहे, ते त्या दिवशी कामी आलं.

मी लँडिंग गिअरवर, म्हणजे चाकांसकट विमानाच्या अख्ख्या पायावर, काम करतो म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे विमानाचे चक्के बदलता का भाऊ?" बदलतो. पण चक्का हा त्या पायाचा फक्त तळवा. वर गुडघा आहे, पोटऱ्या आहेत, सांधे आहेत, कुलपं आहेत. उड्डाणभर पोटात घडी करून ठेवलेलं हे ओझं शेवटच्या काही सेकंदांत अख्ख्या विमानाचा भार अंगावर घेतं. वर्धा रोडने खापरीकडे जाताना डोक्यावरून विमान उतरताना दिसतं, तेव्हा त्याच्या पंखांऐवजी एकदा त्या पायांकडे पाहा. त्या पायांची एक खोड आहे, ती मला आज सांगायची आहे. त्यांचं दुखणं बाहेरून दिसत नाही. बरोबर दिसणं आणि बरोबर असणं या दोन गोष्टींमध्ये इथे जेवढं अंतर आहे, तेवढं विमानाच्या फार थोड्या भागांत असेल.

आधी भाराचा हिशेब. एअरबस 320 किंवा बोईंग 737 साधारण 65 टन वजनाने, ताशी 250 किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीला टेकतं. खाली येण्याचा वेग एरवी सेकंदाला दोन-तीन फूटच असतो, पण गिअर मात्र सेकंदाला 10 फूट धरून बनवलेला असतो. दीड फूट उंचीवरून एखादी वस्तू सोडली तर जमिनीवर आदळताना तिचा वेग तेवढा होतो. म्हणजे 65 टनांचं धूड त्या वेगाने आदळला तरी पाय मोडता कामा नये.

हा दणका जिरवतो तो स्ट्रट. आमच्या बोलण्यात 'ऑलिओ'. जाड नळीच्या आत दुसरी गुळगुळीत, चकचकीत नळी सरकते, आणि आत दोनच गोष्टी भरलेल्या असतात: तेल आणि नायट्रोजन. धुळवडीची पिचकारी आठवा. दांडा हळू दाबला तर पाणी मुकाट बाहेर येतं. जोरात दाबला तर दांडा हाताला विरोध करतो, कारण एवढं पाणी एवढ्याशा भोकातून एकदम निघू शकत नाही. स्ट्रटमधलं तेल असंच अरुंद भोकातून ढकललं जातं. दणका जितका जोराचा तितका विरोध जास्त, आणि त्या झटापटीत दणक्याची ऊर्जा उष्णता होऊन तेलात जिरते. नायट्रोजनचं काम वेगळं. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दांडा ढकलला तर तो परत वर येतो ना, तसा नायट्रोजन विमानाला उचलून धरतो. म्हणजे तो स्प्रिंग झाला. मग नुसती लोखंडी स्प्रिंगच का नाही? कारण स्प्रिंग घेतलेली ऊर्जा परत करते. खड्ड्यातून गेलेली एसटी पुढे दोन-तीनदा डुलत राहते, तसं विमान धावपट्टीवर चेंडूसारखं उडेल. तेल ऊर्जा परत देत नाही.

आता खोड बघा. जमिनीवर उभ्या विमानाच्या स्ट्रटची तब्येत आपण चकचकीत नळी किती बाहेर आहे यावरून पाहतो. मी शिकाऊ होतो तेव्हा एका विमानाचा डावा स्ट्रट उजव्यापेक्षा थोडा बसलेला दिसला. मी आपलं नायट्रोजन भरून दोन्ही सारखे करायला निघालो. माझ्या सीनियरने हात धरला आणि एकच प्रश्न विचारला, "तेल किती आहे त्यात?" मला उत्तर देता येईना. बाहेरून ते कळतच नाही. सीलमधून तेल झिरपून कमी झालं असेल आणि वरून नायट्रोजन भरत गेलो, तर नळी बरोबर उंचीवर येईल, दोन्ही पाय सारखे दिसतील, आणि विमान पुढच्या लँडिंगला निघून जाईल. उभं असताना भार नायट्रोजन पेलतो, पण दणका जिरवायला तेल लागतं. ते कमी असलं की नळी तळाला जाऊन लोखंडावर लोखंड आपटतं. म्हणून शंका आली की सोपा रस्ता सोडायचा: नायट्रोजन पूर्ण सोडायचा, स्ट्रट खाली बसवायचा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत तेल भरायचं, आणि मग नायट्रोजन भरत तक्त्यावर दाब आणि उंचीची जोडी जुळवायची. अर्ध्या तासाचं काम दुपारभर चालतं. त्या दिवशीही दुपारच गेली, आणि तेल खरोखर कमी निघालं.

तेलाबद्दल आणखी एक. बहुतेक प्रवासी विमानांत स्ट्रटमधलं तेल लाल असतं, आणि चाकं वर-खाली करणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेतलं तेल जांभळं. जांभळं तेल सहजासहजी पेट घेत नाही हा त्याचा गुण, पण कातडीवर पडलं की आग होते आणि डोळ्यात गेलं तर माणूस कळवळतो. दोन्हींची सीलं वेगळ्या रबराची. एकाचं तेल दुसऱ्यात गेलं तर सील फुगतं, सडतं, आणि गळती काही दिवसांनी भलत्याच ठिकाणी सुरू होते. म्हणून तेलाचा डबा उघडण्याआधी लेबल वाचायचं, रंगावर जायचं नाही.

टायरचं दुखणं तर याहून लपलेलं. मोटारीच्या टायरमध्ये 30-32 पीएसआय हवा असते, एअरबस 320 च्या मुख्य टायरमध्ये 200 च्या आसपास दाब असतो, आणि तो हवेचा नसून नायट्रोजनचा. हवेत ऑक्सिजन असतो. ब्रेक तापले, आतलं रबर तापून त्यातून ज्वलनशील वायू निघाला, की तोच ऑक्सिजन टायरचा बाँब करतो. 31 मार्च 1986 ला मेक्सिकोत एका बोईंग 727 मध्ये हेच झालं. ब्रेक तापलेला, टायरमध्ये साधी हवा, आणि चाकं पोटात घेतल्यावर हवेत स्फोट. 167 माणसं गेली, कुणीच वाचलं नाही.

दाब कमी असेल तर? मोटारसायकलचा टायर बसला की लांबून दिसतो. विमानाच्या एका आसावर दोन टायर शेजारी असतात, त्यातला एक ढिला पडला तर दुसरा त्याचा भार उचलतो, आणि ढिला टायर पाहणाऱ्याला ठणठणीत दिसतो. 11 जुलै 1991 ला जेद्दाहून नायजेरियाला हाजींना घेऊन निघालेल्या डीसी-8 विमानात टायरचा दाब कमी होता. मेकॅनिकला ते ठाऊक होतं. नायट्रोजन लगेच मिळेना, उशीर नको म्हणून विमान तसंच सोडलं गेलं. धावपट्टीवरच जोडीतले टायर तापून फाटले, चाक घासत पेटलं, आणि तो जळता पाय पोटात घेतला गेला. 261 जण मेले. मी नव्या मुलांना टायरगेज हातात देतो तेव्हा ही गोष्ट आधी सांगतो. लाथ मारून टायर तपासण्याची सवय रस्त्यावर चालत असेल, इथे आकडा पाहिजे.

आणि तो आकडा नागपुरात जरा जपून वाचावा लागतो. वायूचं तापमान 3 अंश बदललं की दाब साधारण 1 टक्का बदलतो. मे महिन्यात आपल्याकडे 45 अंश. त्या उन्हात नेमका भरलेला टायर हिवाळी रात्री 5 अंशांच्या गावी जाऊन उभा राहिला तर दाब 13 टक्क्यांनी उतरतो, कुठे भोक नसताना. उलटंही होतं. नुकत्याच उतरलेल्या विमानाचे टायर तापलेले असतात, गेज जास्त दाखवतं, आणि नवशिक्याला वाटतं की दाब जास्त झाला, थोडा सोडू या. गरम टायरचा दाब सोडायचा नसतो. दोन-तीन तास थंड होऊ द्यायचा, मग मोजायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात हे काम म्हणूनच पहाटे बरं पडतं. एरवीही अकरानंतर उघड्यावर उभ्या विमानाच्या धातूला उघडा हात लावता येत नाही.

ब्रेकचा हिशेब केला तेव्हा मी स्वतः थक्क झालो होतो. 65 टन आणि ताशी 250 किलोमीटर या गतीत जी ऊर्जा असते ती जवळपास 44 युनिट विजेएवढी. चौघांच्या घरात आठवडाभर पुरेल एवढी, ती अर्ध्या-पाऊण मिनिटात संपवायची. काही वाटा हवेचा विरोध आणि इंजिनाचा उलटा झोत उचलतात, बाकीचा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरतो. आजच्या बहुतेक मोठ्या विमानांत ब्रेकच्या चकत्या कार्बनच्या असतात, एकाआड एक फिरत्या आणि स्थिर, दाबल्या की एकमेकींना घासतात. त्या किती झिजल्या हे सांगायला एक छोटी पिन बाहेर डोकावत असते. पार्किंग ब्रेक लावून पाहायचं: पिन पृष्ठभागाशी सपाट झाली की ब्रेक बदलायचा. ब्रेक न लावता पाहिली तर पिन फसवते. चाकांत आणखी एक सोय असते, ठरावीक तापमानाला वितळणारे प्लग. टायर फुटण्याआधी ते वितळतात आणि नायट्रोजन हळूहळू सोडून देतात. तरीही तापलेल्या चाकाकडे जायचं ते समोरून किंवा मागून, बाजूने कधीच नाही. चाक फुटलं तर तुकडे आसाच्या दिशेने, म्हणजे बाजूला उडतात. हे वाक्य आमच्या हँगरमध्ये झाडू मारणाऱ्या मावशींनाही पाठ आहे, असलंच पाहिजे.

चाक बदलणं दिसतं सोपं. आसाखाली जॅक लावायचा, बाकीच्या चाकांना चोक, म्हणजे अडसर, नट काढायचं, चाक ओढायचं. खरी मेख शेवटी आहे. नवीन चाक चढवल्यावर नट आधी जास्त टॉर्कवर, म्हणजे पिळण्याच्या जास्त जोरावर, घट्ट करायचं, तेही चाक हाताने फिरवत फिरवत, म्हणजे बेअरिंगचे रोलर जागेवर बसतात. मग नट ढिलं करून पुन्हा कमी टॉर्कवर आवळायचं. पहिली पायरी गाळली तरी चाक छान फिरतं. पण न बसलेलं बेअरिंग धावपट्टीवर बसतं, नट आपोआप ढिलं होतं, आणि पुढे काय होईल ते चाकच ठरवतं.

आता कुलपं. पाय खाली आल्यावर तो परत मिटू नये म्हणून काय असतं? लग्नाच्या पंगतीत केटररचे घडीचे टेबल असतात, त्यांच्या पायाला आडवी दुमडणारी पट्टी असते. ती सरळ होऊन किंचित पलीकडे गेली की खट्ट आवाज येतो, आणि मग वर पातेलं ठेवा की गंज, टेबल मिटत नाही. भार पट्टीला आणखी त्याच दिशेला ढकलतो. विमानाच्या पायाचा आडवा आधार याच युक्तीवर अडकतो. हायड्रॉलिक दाब गेला तरी कुलूप राहतं. हँगरमध्ये किंवा जमिनीवर काम करताना मात्र आम्ही याच्यावरही विसंबत नाही, सांध्यातल्या भोकात स्टीलची डाउनलॉक पिन घालतो, तिला लाल फीत असते.

ही पिनसुद्धा फसवू शकते. 18 जून 2021 ला लंडनच्या हीथ्रोवर एक बोईंग 787 उभं होतं, माल चढत होता. बिघाडाचा संदेश पुसण्यासाठी कॉकपिटमधून गिअरचा दांडा वर करायचा होता, पिना घातलेल्या असल्याने पाय हलणार नव्हते. खालून एकाने भोक दाखवलं, दुसऱ्याने शिडीवर चढून पुढच्या पायात पिन घातली. पण शेजारी तशाच मापाचं आणखी एक भोक होतं, पिन त्यात गेली. बसली, घट्ट बसली, लाल फीतही लोंबत होती. दांडा वर झाला आणि पुढचा पाय मिटून विमान नाकावर बसलं. ते दुसरं भोक बुजवून टाकण्याची सूचना आधीच निघालेली होती, त्या विमानावर ते काम व्हायचं राहिलं होतं. मी त्या दोघांना दोष देऊ शकत नाही. शिडीवर, मान वर करून, बॅटरीच्या उजेडात मीही तेच केलं असतं. म्हणून आता पिन घातली की ती कुठे अडवते आहे ते बोटाने चाचपून बघतो, आणि दुसऱ्यालाही चाचपायला लावतो.

पायाच्या धातूविषयी थोडं. मोठे भाग 300एम नावाच्या स्टीलचे असतात, नव्या विमानांत काही टायटॅनियमचे. आपल्या स्लॅबमध्ये घालतात त्या फे 500 सळईच्या तिपटीहून जास्त ताण हे स्टील सोसतं. पण एवढ्या ताकदीचं स्टील हळवंही असतं. स्क्रू-ड्रायव्हरचा एक ओरखडा, गंजाचा टाचणीच्या टोकाएवढा खड्डा, तिथून तडा सुरू होतो आणि हजारो लँडिंगमध्ये केसभर पुढे सरकत राहतो. म्हणून चिकटलेलं ग्रीस खरवडायला आम्ही लोखंडी पातं वापरत नाही, प्लॅस्टिकचं वापरतो.

साधारण 10 वर्षांनी किंवा वीसेक हजार लँडिंगनंतर, जे आधी होईल तेव्हा, पाय उतरवून ओव्हरहॉलच्या खास शॉपमध्ये जातो. तिथे त्याचा सांधान् सांधा सुटा होतो, रंग आणि जुना मुलामा उतरतो, चुंबकीय तपासणीत अदृश्य तडे उजेडात येतात, आणि पुन्हा मुलामा चढतो. मुलामा चढवताना हायड्रोजनचे अणू स्टीलमध्ये शिरतात. ते आत राहिले तर भाग एक दिवस भार नसल्यासारखा असताना काचेसारखा तुटू शकतो. उपाय अगदी घरगुती वाटेल असा: काही तासांच्या आत भाग भट्टीत ठेवायचा, 190 अंशांच्या आसपास, जवळपास अख्खा दिवस, म्हणजे हायड्रोजन निघून जातो. भाजलेला आणि न भाजलेला भाग शेजारी ठेवले तर कुणालाही फरक सांगता येणार नाही. फरक फक्त भट्टीच्या नोंदवहीत असतो. त्या वहीत खोटी वेळ लिहिणारा माणूस मला चोराहून वाईट वाटतो.

नागपुरात हे काम आहे का, असं विदर्भातली मुलं मला विचारतात. आहे. विमानतळाला लागून असलेल्या मिहान या औद्योगिक प्रकल्पात बोईंगने एअर इंडियासाठी उभारून दिलेलं देखभाल केंद्र 2015 च्या सुमारास सुरू झालं, आजूबाजूला आणखी देखभालीचं काम आलं आहे. दोन वाटा आहेत. बारावीला भौतिक, रसायन, गणित घेऊन डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या संस्थेत एएमईचं, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याचं, शिक्षण, परीक्षा, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, आणि मग लायसन्स. यांत्रिक बाजूसाठी बी1 या वर्गाचं. दुसरी वाट आयटीआय किंवा डिप्लोमा करून टेक्निशियन म्हणून लागायची. हाताने काम दोघंही करतात. काम झाल्यावर विमान उडायला योग्य आहे असं लिहून सही करण्याचा अधिकार लायसन्सवाल्याचा. त्या सहीचा अर्थ घरच्यांना आधी समजावून सांगा, कारण विमान उशिरा निघेल म्हणून फोन वाजत असताना तुम्हाला 'नाही' म्हणावं लागणार आहे, आणि त्या दिवशी घरी जाऊन चिडचिड होणार आहे. पगाराच्या गोष्टी इतरांकडून कळतील, हे कुणी सांगत नाही.

पुढच्या वेळी आपल्या सोनेगाव विमानतळावरून विमानात बसलात आणि जागा खिडकीची असली, तर विमान मागे ढकललं गेल्यावर लगेच मोबाइलमध्ये डोकं घालू नका. खाली टोइंग ट्रॅक्टर सुटून बाजूला होतो, आणि कानाला हेडफोन लावलेला माणूस थोडा दूर जाऊन उभा राहतो. त्याच्या हातात लाल फितीची एक छोटी पिन असते. पुढच्या पायाचं स्टिअरिंग ट्रॅक्टरला वळवता यावं म्हणून ती घातलेली असते, आणि ती आत राहिली तर पायलटला चाक वळवता येणार नाही. तो ती डोक्यावर उंच धरतो, फीत लोंबू देतो, आणि पायलटने पाहिल्याचा इशारा करेपर्यंत हात खाली घेत नाही.